तळ्याकाठचा कार्यक्रम सोडून

३ मार्च

प्रिय बटण,

हे नाव तुला अजून चालतं का, ठाऊक नाही. तेहतीस वर्षांच्या बाईला बटण म्हणणं शोभत नाही, पण माझ्या तोंडात तुझं दुसरं नाव कधी बसलंच नाही. माझ्या टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबायचा मान तुझा होता. एकदा गिटारवाल्या मास्तरांनी गंमत म्हणून ते आधी दाबलं, तर तू स्टेजवर लोळण घेतलीस आणि कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

तुझे बाबा, माझा दादा, वारला त्या दिवशी तू दाराशी दहा मिनिटं उभी राहिलीस, ती नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ते सोडलं तर बावीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पाकीट दुपारपर्यंत फोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कान तपासायच्या खोलीत जाऊन बसले आणि मग फोडलं. आमची ही खोली म्हणजे जरा मोठं कपाटच. भिंतींना स्पंज, दाराला रबर. दार ओढून घेतलं की आपलं गिळणंसुद्धा ऐकू येतं. मी दिवसभर लोकांना तिथे बसवते, कानांवर हेडफोन चढवते आणि बाहेरून बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. आज मीच आत होते.

तर तुझा प्रश्न. तुझ्या कपड्यांच्या कारखान्यातल्या कुणीतरी तुला विचारलं, 'सावकाश' बँडच्या ड्रमरची मुलगी ना तू, मग कुठले कार्यक्रम ऐकू ते सांग, आणि तू तर एकही ऐकलेला नाहीस. वहिनीने घरात लावूच दिले नसणार. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

'सावकाश'ची स्टुडिओतली दोन्ही रेकॉर्डं बाजूला ठेव. त्यांत सगळे पाहुण्यांकडे गेल्यासारखे शहाण्यासारखे बसलेत. ते चौघं जिवंत व्हायचे ते लोकांपुढे, आणि तेही पहिली वीस मिनिटं गेल्यावर. 'फाटक' हे त्यांचं गाणं कागदावर साडेचार मिनिटांचं. शब्द संपले की मास्तरांची गिटार कुठल्यातरी गल्लीत शिरायची, मुका बेस गिटार घेऊन तिच्या मागे, ऑर्गनवाली वरून उजेड धरल्यासारखी, आणि तुझे बाबा ड्रमवर बसून सगळ्यांना विचारत असल्यासारखे, 'जायचं का अजून पुढे?' (मुका म्हणजे खरा मुका नव्हे. त्याला बोलायचा कंटाळा होता.) एक माणूस 'फाटक' सुरू झाल्यावर घरी जाऊन जेवून आला, तरी फाटक उघडलेलं नव्हतं. हे त्यानेच सगळ्यांना सांगत फिरावं, इतका तो खूश होता.

पहिला ऐक गोदामातला. पत्र्याचं छप्पर उन्हाने तापून कडकड वाजतंय, ते टेपवर स्वच्छ येतं. अकराव्या मिनिटाला दादाच्या लक्षात येतं की त्या कडकडीला एक लय आहे. मग तो छपराबरोबर वाजवायला लागतो. बाकीचे थांबतात. अडीच मिनिटं नुसता ड्रम आणि पत्रा.

दुसरा, कॉलेजच्या खेळाच्या हॉलमधला. आवाज इतका घुमायचा की मी घरातली सगळी पांघरुणं नेऊन भिंतींना टांगली होती. त्यात 'उलटा जिना' आहे. मुका एकच सूर सहा मिनिटं धरून ठेवतो, आणि तो बदलतो तेव्हा खुर्ची सरकल्यासारखं होतं.

तिसरा, वीज गेलेला. गिटार गेली, ऑर्गन गेला, माइक गेले. माझं मशीन बॅटरीवर होतं म्हणून चालू राहिलं. दादा एकटा चौदा मिनिटं वाजवतोय आणि मी मशीन उचलून त्याच्याकडे चालत गेलेय. आवाज हळूहळू जवळ येतो, तो त्यामुळे. शेवटी एक बारीक आवाज 'बाबा, दिवे!' म्हणतो. ती तू.

पेन ड्राइव्हवर हे तीन घातलेत. एवढे ऐकलेस की पुरे. इंटरनेटवर लोक भलभलतं सुचवतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

आणि सहजच विचारलंस ना?

तुझी आत्या

१४ मार्च

बटण,

म्हणजे सहज विचारलं नव्हतंस.

तुझ्या पत्रात कार्यक्रमांबद्दल चार ओळी आहेत. वीज गेलेला आवडला म्हणतेस, बरं वाटलं. आणि मग तीन प्रश्न. यादीत तळ्याकाठचा कार्यक्रम का नाही, सगळे तर तोच सगळ्यांत भारी म्हणतात. तेव्हा बाबा किती वर्षांचे होते. आणि त्यांच्या हातून वस्तू पडायच्या का.

तळ्याकाठच्या टेपला बुरशी लागली. ऐकण्यासारखी राहिलेली नाही.

तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

वस्तू कुणाच्या हातून पडत नाहीत? परवा माझ्याच हातून चष्मा पडला.

एवढं लिहिलं आणि उठून खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर पिळत होती. तिची चादर पिळून झाली, वाळत घालून झाली, तरी मी तिथेच. तुझं पत्र पुन्हा उजेडात धरून बघितलं. पहिल्या ओळी सरळ आहेत. तिसऱ्या प्रश्नाची ओळ खाली उतरलीय आणि एका ठिकाणी पेन कागदाबाहेर गेलंय. मांडीवर कागद ठेवून लिहिलं असशील. कुणीतरी हाक मारली असेल. तसंच असेल ना?

पुरेशी झोपतेस का? दिवसभर कात्री धरून उभी असतेस, खांदे आखडत असतील. एकदा रक्त तपासून घे. अशक्तपणाने काहीही होतं माणसाला.

चौथा कार्यक्रम पाठवते, बाजारचौकातला. सकाळचा आहे. 'फाटक'च्या मध्येच एक हातगाडीवाला वाट द्या, वाट द्या म्हणत स्टेजपुढून जातो आणि मास्तर त्याला गिटारवर वाट करून देतात. दादा मोठमोठ्याने हसताना ऐकू येतो. त्यात तो चौतीस वर्षांचा आहे आणि दोन्ही हात त्याचे आहेत.

हाच ऐक. माझं एवढं ऐक.

आत्या

२७ मार्च

बटण,

बुरशी लागलेली टेप तू इंटरनेटवर तीनदा ऐकलीस, हे वाचून मला तोंड लपवायला जागा उरली नाही. माझ्याच टेपवरून कुणीतरी कधीकाळी कॉपी करून नेली होती.

बाकीचंही वाचलं. मखमलीत कात्री तिरकी गेली, एकदा नाही, तीनदा. जावयांनी विचारलं, बसल्याबसल्या पायाची बोटं का हलवतेस, आणि ती हलताहेत हे तुला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली आणि ती राहिली नाही, आपोआप आत गेली. घरात कुणाला असं होतं का, त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, वडील प्यायचे, बाकी काही नाही.

बटण, तुझे बाबा पीत नव्हते.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा सुरू करण्याची हिंमत होणार नाही, तेव्हा अक्षर गिचमिड झालं तर चालवून घे.

तुझे आजोबा पोस्टात होते. पाकिटांवर शिक्के मारायचे. मी पंधरा वर्षांची असताना त्यांचा शिक्का पाकिटाबाहेर टेबलावर पडायला लागला. मग जेवताना डावा हात आपोआप उचलला जायचा, कुणीतरी दोरी ओढल्यासारखा, आणि ते लगेच त्याच हाताने केस सारखे करायचे, जणू त्यासाठीच उचलला होता. पुढे चालणं गेलं, बोलणं गेलं. आईने सगळ्यांना 'नसांचा अशक्तपणा' असं सांगितलं. डॉक्टरांनी तिला आत घेऊन जे नाव सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं. पुढचंही ऐकलं. बापाकडून मुलांत उतरतं, मुलगा असो की मुलगी, आणि उतरण्याची शक्यता निम्मी. आई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काही ऐकलं नाहीस."

मी म्हटलं, "नाही."

ते 'नाही' मी त्रेचाळीस वर्षं वापरलं. दादालाही सांगितलं नाही. तो तेव्हा दुसऱ्या गावी शिकायला होता, घरी आला की त्याला अशक्तपणाच सांगितला जायचा.

लग्नाआधी वहिनीने मला सरळ विचारलं होतं. तिचा स्वभावच सरळ. "तुमच्या बाबांना नक्की काय झालं होतं?"

"वय झालं होतं," मी म्हटलं. ते गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. तिने पुढे विचारलं नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

आता तळ्याकाठचं. दुपारचे चार वाजले होते. माझ्या पायाशी बसून तू बटण दाबलंस. 'फाटक' सुरू झालं. मी हेडफोन लावून दादाच्या ड्रमवरचा माइक ऐकत होते. एकोणिसाव्या मिनिटाला एक ठोका पडला, जो तिथे नव्हता. डाव्या हाताचा. दादा कधी चुकायचाच नाही असं नाही, पण चुकला की तो जीभ चावायचा, हसायचा. या वेळी त्याने काहीच केलं नाही. तो ठोका पडलेला त्याला कळलाच नव्हता. चोविसाव्या मिनिटाला दुसरा. तेव्हा मी मान वर करून पाहिलं. डावा हात झांजेवरून आपोआप उचलला गेला, दोरी ओढल्यासारखा, आणि त्याने लगेच केस सारखे केले.

तू खालून विचारलंस, "आत्या, बंद करू?" मी नको म्हटलं.

लोकांना ते ठोके अतोनात आवडले. त्यांनी त्याला नाव दिलं, 'ठेच'. चालत्या गाण्याला अवेळी ठेच लागते आणि ते भलतीकडेच वळतं, यात त्यांना भारी मौज वाटायची. पुढचं दीड वर्ष लोक दादाची ठेच ऐकायला लांबून येत होते. तुझ्या त्या सहकाऱ्यासारखे लोक अजून मिनिटं लिहून ठेवतात. ती तुझ्या डॉक्टरांना दे. एकोणीस, चोवीस, एकतीस. एकतीसच्या पुढे मी कधी मोजली नाहीत.

सामान आवरताना तो माझ्याकडे आला होता.

"कसं झालं गं?"

"छान."

"डावा हात आज कुणा दुसऱ्याचाच होता."

"दमलायस तू. रोज किती वाजवतोस."

तो हं म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. मी कुठेतरी दुसरीकडे बघत राहिले.

दोन वर्षांत तुम्ही घर सोडलंत. तो चालताना झोकांड्या खायचा, जीभ जड झाली होती, चिडायचा, हातातलं फेकायचा की पडायचं ते कळायचं नाही. बँडमधून काढलं. सगळे म्हणाले, पितो. निघायच्या दिवशी वहिनीने मला बाजूला घेतलं. "तुम्हाला तरी खरं माहीत असेल. कुठे पितो हा?" तू गाडीत मागे बसली होतीस, मांडीवर शाळेची पिशवी, काच खाली. मी गप्प राहिले. तुम्ही गेलात.

पुढची बारा-तेरा वर्षं त्याला मी सांभाळलं, म्हणून लोक मला चांगली म्हणतात. शेवटी छातीत कफ भरून तो गेला, तेव्हा तू दाराशी आलीस आणि शेजारची कुणी म्हणाली, पिण्याने गेला हो. तेव्हाही मी गप्प होते.

का, असं तू विचारशील. तुझं बालपण, तुझं शिक्षण, तुझं लग्न, ही कारणं माझ्याकडे तयार आहेत आणि दिसायला बरी आहेत. खरं कारण एवढंच की दादाच्या आजाराला नाव दिलं असतं, तर माझ्याही रक्तात बघावं लागलं असतं. मी आजपर्यंत बघितलेलं नाही. रोज सकाळी आरशापुढे जीभ बाहेर काढते आणि वीस आकडे मोजते. एका पायावर उभी राहते. मग कामाला जाते. लग्न केलं नाही, त्यालाही लोकांना दुसरीच कारणं दिली.

पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, तू लिहिलंयस की तुम्ही दोघं मुलाचा विचार करत होतात. ती ओळ मी वाचली. हे पत्र डॉक्टरांना दाखव. वहिनीलाही दाखव.

आत्या

११ एप्रिल

बटण,

पंधरा दिवस झाले. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर दिसली की दार उघडून उभी राहते, आणि तो पुढे निघून गेला तरी दार लावत नाही.

काल वहिनीचा फोन आला, कामावर. काचेपलीकडे एक आजोबा हेडफोन घालून बसले होते.

"मी बोलतेय," ती म्हणाली. आवाज लगेच ओळखला. "पत्र वाचलं मी."

"वहिनी, मी..."

"तुम्ही बोलू नका. मी त्या माणसाला दारात उभं राहून दारुडा म्हणाले. पोरीच्या देखत. तो म्हणाला, मी घेतलेली नाही. मी त्याचं तोंड हुंगलं. वास आला नाही, तरी म्हणाले. तुम्ही तिथे उभ्या होतात."

"होते."

"बावीस वर्षं मी एका आजारी माणसाचा राग राग केला. तो राग तुम्ही माझ्या हातात दिलात."

"परवा तिचं रक्त घेतलं. महिन्याने सांगणार आहेत. सुईकडे बघत होती आणि मला म्हणते, आई, घाबरू नकोस. मला म्हणते!" आणि तिने फोन ठेवला.

काचेपलीकडचे आजोबा बोट वर करून बसले होते. मी एकही सूर सोडला नव्हता.

आज सकाळी मीही रक्त देऊन आले. तुला लिहायचं कारण तेवढंच. तिथल्या मुलीने विचारलं, "घरात कुणाला आहे?" आणि मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. वडिलांना. भावाला. सांगून झालं तरी मी खुर्चीवरून उठले नाही, तर ती म्हणाली, "पाणी देऊ का, मावशी?"

आत्या

२ मे

बटण,

तू येऊन गेलीस त्याला दोन दिवस झाले. समोर होतीस तेव्हा जे बोलता आलं नाही, ते लिहिते.

तू चपला काढल्यास आणि सरळ मशीनपाशी जाऊन बसलीस. "तळ्याकाठचं लाव. इंटरनेटवरचं नाही, तुझं." मी टेप चढवली. एकेचाळीस मिनिटं तू खाली मान घालून ऐकत होतीस, आणि मी, खरं सांगते, टेप ऐकतच नव्हते. मी तुझे पाय बघत होते. उजव्या पायाची बोटं सतरंजीवर हलत होती. ठेक्यात नव्हती. मी मोजायला लागले होते.

"आत्या, माझ्या पायांकडे बघू नकोस," तू मान वर न करता म्हणालीस. "ऐक."

मग तू टेप मागे घेतलीस. "तू आजपर्यंत बाबांचा डावा हातच ऐकत आलीस. मुका काय करतो ते ऐक ना."

एकोणिसावं मिनिट. दादाचा तो ठोका पडतो. मुका एक क्षण थांबतो. फक्त एक क्षण. आणि मग त्याची सम हलते. दादाचा ठोका जिथे पडला, तिथून तो गाणं नव्याने मोजायला लागतो. चोविसाव्या मिनिटाला त्याच्याबरोबर मास्तरही वळतात. एकतिसाव्याला ऑर्गनवालीसुद्धा. दादाचा हात जिथे पडेल तिथे सम, आणि लोकांना वाटतंय, वा, काय वळण घेतलं!

"त्यांना कळलं होतं," तू म्हणालीस. "त्यांनी लोकांना कळू दिलं नाही."

लोकांचे कान तपासून मी पोट भरते, बटण. आणि हे मला चोवीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं. पुढे दीड वर्षाने त्यांनी त्याला काढलं हेही खरं आहे. त्यांनाही शेवटी दारूच वाटली, कारण खरं सांगायला कुणी नव्हतं. मी सांगितलं असतं तर ते त्याला किती दिवस सांभाळून घेऊ शकले असते, हे आता डोक्यातून जात नाही.

जाताना तू मला जवळ घेतलं नाहीस. घ्यावंस असं मी काही केलेलं नाही. पण नऊ तारखेला डॉक्टरांकडे ये म्हणालीस. मी येते. तुम्हाला मी आत नको असेन तर बाहेरच्या बाकावर बसेन.

आत्या

१२ मे

बटण,

डॉक्टरांच्या खोलीत चारच खुर्च्या होत्या, एक त्यांची, तीन तुमच्या. मी दाराला पाठ लावून उभी होते. त्यांनी फार घोळवलं नाही. "आहे," म्हणाले. जावई "म्हणजे?" म्हणाले, आणि डॉक्टरांनी पुन्हा तोच शब्द सांगितला. वहिनीने तुझं मनगट धरलं, हलणाऱ्या हाताचं, आणि तिच्या हातात ते हलत राहिलं.

तू विचारलंस, "कात्री किती दिवस धरता येईल?"

"काही वर्षं नक्की. पण कापडावर एकटीने नको. आणि आत्ता घाईने काही सोडू नका."

बाहेर आल्यावर कुणालाच कुठे जायचं कळेना. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा घ्या." आपण चौघं त्या कँटीनच्या हलत्या टेबलाशी बसलो. जावयांनी पायाखाली कागदाची घडी घातली, तरी ते हलतच राहिलं. तेव्हा तू विचारलंस, "आत्या, तुझा रिपोर्ट?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं.

खोटं बोलले. तो मंगळवारपासून माझ्या पर्समध्ये होता. त्या टेबलावर, तुझ्या कपाशेजारी, पर्समध्ये.

माझ्यात ते नाही.

पाकीट फोडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि हसले. मोठ्याने हसले. मग तुझी आठवण आली. आधी हसले, मग आठवण आली, याच क्रमाने झालं, आणि ते मी फिरवून सांगणार नाही. साठीला आले, आयुष्यभर ज्याला घाबरून एक धड गोष्ट केली नाही, ते माझ्यात कधी नव्हतंच. आणि तुझ्यात होतं, तू बटण दाबत होतीस तेव्हाही.

आजाराची भीती मला चांगली ठाऊक आहे, तिच्याबरोबर मी राहिलेय. ही नवी आहे. आता मला तुझी भीती वाटते. हे वाचून तू माझं तोंड बघायचं नाही म्हणशील, आणि तुला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

आत्या

२० मे

बटण,

तू फोनवर काय म्हणालीस ते इथे लिहून ठेवते, नाहीतर मला खरं वाटणार नाही. "अगं, मग बरंच झालं की. धड हातांचं कुणीतरी लागणारच होतं मला." मग तू रडायला लागलीस. मध्येच म्हणालीस, "राग आहेच हं." असू दे. ठेव तो.

कामावर तीन महिन्यांची सुट्टी मागितली, मिळाली. वहिनीने निरोप पाठवला आहे, 'मागची खोली रिकामी केली आहे. राहायला या. माफ केलं असं समजू नका.' मी तसं समजत नाही. माझ्या सामानात मशीन आणि टेपा आहेत, त्या खोलीत मावतील का, तेवढं तिला विचार. न मावल्या तर इथेच ठेवते.

शनिवारी दुपारी तीनच्या गाडीने येते. 'स्टेशनवर येऊ नकोस, तिथला जिना फार उभा आहे,' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. बघ, अजून दिसतंय.

ये. कठडा धरून ये. मी खालून बघत असेन.

आत्या